डाव्या हाताची खाडी

भाईंदरहून कल्याणला सायकलने जायचं तर कुणाला रस्ता विचारावा लागत नाही. तोंड पूर्वेला करायचं आणि खाडी डाव्या हाताला ठेवायची. काशेळीच्या पुलापर्यंत हा नियम चालतो. पूल ओलांडला की खाडी उजवीकडे येते आणि हळूहळू तिची उल्हास नदी होते. शहाडपर्यंत साठेक किलोमीटर, जाऊन-येऊन एकशेवीसच्या घरात. थंडीच्या दिवसांत, पहाटे लवकर निघालं तर एका दिवसात जमतं. वाऱ्याचा मात्र भरवसा धरू नये. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, म्हणजे जाताना वारा तोंडावर. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात, म्हणजे येतानाही तोंडावरच. शाळेत चार गुणांसाठी पाठ केलेली ही व्याख्या त्या दिवशी गुडघ्यांना समजते.

खोऱ्याचा नकाशा साधा आहे. उल्हास खंडाळ्याच्या उत्तरेला, राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, बदलापूर करत ती कल्याणला येते, ठाण्याच्या ईशान्येला फुटते आणि साष्टी बेटाला कवेत घेते. एक छोटा फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जातो. मोठा प्रवाह पश्चिमेला वळून घोडबंदर, भाईंदर, वसई असा अरबी समुद्राला मिळतो. या एका पाण्यावर वसई, घोडबंदर, ठाणे, भिवंडी आणि कल्याण अशी जुनी बंदरं बसली आहेत. आज त्याच पाण्याच्या काठावर पाच महापालिका आहेत : वसई-विरार, मीरा-भाईंदर, ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि कल्याण-डोंबिवली. बहुतेकींच्या नकाशात खाडी कडेला येते, मध्ये क्वचितच. ही सफर करण्यामागे माझं कुतूहल एवढंच होतं : जे पाणी एकेकाळी मधोमध होतं, ते कडेला कसं गेलं?

भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवर उजाडायच्या आत जाग असते. समोर वसई. मध्ये पाण्याचा रुंद पट्टा, उजव्या हाताला रेल्वेचे पूल आणि पुलांच्या मधलं पाणजू बेट. तिथल्या माणसांच्या डोक्यावरून सगळी पश्चिम रेल्वे जाते, पण त्यांना स्वतःला किनारा गाठायला बोटच लागते. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. रस्त्याने वसईला जायचं तर वरसाव्याला वळसा घालून अडतीसेक किलोमीटर पडतात. बोटीने पाऊण तासाच्या आत माणूस गाडीसकट पलीकडे असतो, आणि त्यातलाही बराच वेळ चढण्या-उतरण्यात जातो. दोन गावांमधलं खरं अंतर किती, हे कित्येक वर्षांनी पुन्हा पाण्यानेच दाखवून दिलं.

मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "सायकल घेऊन कुठं, इतक्या सकाळी?"

"कल्याण."

"का? लोकल बंद हाय काय?"

या प्रश्नाला सयुक्तिक उत्तर माझ्याकडे नव्हतं.

इथून खाडीचं तोंड पश्चिमेला आहे. तिकडे डोंगरी, चौक, उत्तन आणि चौकजवळ धारावीचा किल्ला. नाव ऐकून मुंबईची धारावी डोळ्यांपुढे येते, पण ही वेगळी. 1737 ते 1739 या वसईच्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज या टेकडीसाठी पुन्हा पुन्हा झुंजले. कारण उघड आहे. वसईच्या कोटाला समुद्रातून रसद यायची ती या तोंडातून, आणि टेकडीवर तोफा असतील तर तोंड बंद. मार्च 1739 मध्ये धारावी कायमची मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसईचा कोट चिमाजी अप्पांच्या हाती पडला. शाळेच्या पुस्तकात फक्त वसई येते, तिथले सुरुंग आणि खिंडारं येतात. पण ती मोहीम आधी खाडीची होती, मग किल्ल्याची. मराठ्यांनी सुरुवात वरच्या अंगाने, ठाण्यापासून केली. मग घोडबंदर, मग तोंडाची धारावी आणि सरतेशेवटी वसई. मी उलटा निघालो होतो.

गावातून बाहेर पडायला वेळ लागत नाही, पण जीव मेटाकुटीला येतो. रेल्वे ओलांडून पूर्वेला यायचं आणि मीरा-भाईंदर रस्त्याने मेट्रोच्या खांबांखालून काशिमीऱ्याला. त्या वेळी रस्त्यावर सायकली असतात त्या पाववाल्यांच्या, दूधवाल्यांच्या आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्या रखवालदारांच्या. हेल्मेट आणि चकचकीत कपडे घातलेले आम्ही रविवारचे लोक त्यांच्या शेजारून जातो आणि ते आमच्याकडे बघतही नाहीत. मागे पाच-सहा गोण्या पाव लादून खड्डे चुकवत जाणारा माणूस खरा सायकलस्वार. आमचं काय, छंद.

भाईंदरची जुनी ओळख मिठागरं. शेती, मीठ आणि मासेमारी यांवर राई, मुर्धे, मोर्वे, नवघर ही गावं चालत. भरतीचं पाणी खाजणात घ्यायचं, बांध घालून कोंडायचं आणि उन्हाला कामाला लावायचं. त्या अर्थशास्त्रात खाडी मागच्या अंगणात नव्हती, ती कारखान्यातलं यंत्र होती. 1985 मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका. एवढ्या काळात मुंबईत घर न परवडणारी लाखो माणसं इथे आली. त्यांना घराबरोबर स्टेशन हवं होतं, खाडी नको होती. इमारतींच्या जाहिरातीत मात्र आता ती परत आली आहे, 'क्रीक व्ह्यू' म्हणून, आणि त्याचे पैसे वेगळे.

काशिमीऱ्याहून वरसाव्यापर्यंतचा पट्टा मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा. इथे सायकल चालवण्यात गंमत अशी काही नाही. कडेची पांढरी पट्टी धरायची, कंटेनरच्या हवेचा धक्का आला की हँडल घट्ट पकडायचं आणि इतिहासाचा विचार नंतर करायचा. वरसाव्याला पुलाच्या अलीकडे घोडबंदर गावाकडे वळलं की आवाज एकदम मागे पडतो.

घोडबंदरचा किल्ला टेकाडावर आहे, फार उंच नाही. पोर्तुगीजांनी बांधला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला. अरबस्तानातून आलेले घोडे इथे उतरत, म्हणून घोडबंदर, अशी नावाची कथा सांगतात. अलीकडे डागडुजी झाली आहे. जुना दगड आणि नवा चुना सहज वेगळे ओळखू येतात. पण वर गोल बुरुजापाशी उभं राहिलं की जागा का निवडली ते सांगायला मार्गदर्शक लागत नाही. खाडी इथे डोंगरांच्या मधून येते. एका बाजूला साष्टीचे डोंगर, पलीकडे तुंगारेश्वरची रांग. वरून येणारं आणि खालून जाणारं प्रत्येक तारू या अरुंद जागेतूनच जाणार. किल्ला कसला, हा जकात नाका! साष्टीतल्या बहुतेक पोर्तुगीज ठाण्यांबद्दल माझं हेच मत झालं आहे. शौर्याच्या गोष्टी नंतर आल्या; आधी आला तो माल मोजणारा कारकून.

इथून ठाण्यापर्यंतचा घोडबंदर रस्ता वीसेक किलोमीटर. आता या नावाने डोळ्यांपुढे येतात ते ठाण्याच्या बाजूचे टॉवर, पण पश्चिमेकडचा अर्धा अजून जंगलाचा आहे. उजवीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. त्याचाच नागला हा तुकडा रस्त्याच्या डावीकडे, थेट खाडीला टेकलेला. म्हणजे बिबट्याला पाण्यापर्यंत जायचं तर हाच रस्ता ओलांडावा लागतो, रात्रीच्या ट्रकांच्या रांगेतून. चेण्याच्या आसपास सकाळी गारवा असतो, पक्षी ऐकू येतात आणि दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत चक्क स्वतःच्या साखळीचा आवाजही.

उजव्या हाताच्या याच डोंगरांत, पलीकडच्या उतारावर, कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं कोरलेली आहेत आणि त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोपाऱ्याचे आहेत. सोपारा खाडीच्या उत्तरेला, कल्याण नदीवर वर, लेणी मध्ये डोंगरात. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसाला कान्हेरी आपलीच वाटत होती, एवढं त्या दगडावरून कळतं. तेव्हा पाण्याने जोडलेला हा एकच मुलुख होता.

गायमुखच्या घाटात दम लागतो. चढ मोठा नाही, पण रस्त्याची अवस्था दर काही महिन्यांनी बातमीत असते, आणि दुरुस्ती निघाली की ठाणे, मीरा-भाईंदर आणि वसई तिन्हीकडची वाहतूक तुंबते. गुजरातकडून येणारी अवजड वाहनं जेएनपीटीकडे जाताना याच वाटेने वळतात. एकेकाळी जी अरुंद जागा पाण्यात होती, ती आता डांबरावर आहे.

घाट उतरल्यावर गायमुखची चौपाटी आणि अलीकडे-पलीकडे नागला बंदरचा काठ. सकाळभरात खाडी खरोखर जवळून दिसते ती इथे. ओहोटी लागलेली होती. तिवरांची मुळं उघडी पडली होती आणि चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. या पट्ट्यात रेतीचा धंदा जुना. सरकारी कागदांत त्याला 'हातपाटी-डुबी' म्हणतात : होडी मध्ये उभी करायची, माणसाने बुडी मारायची, तळाची रेती बादलीत भरायची आणि वर यायचं. प्राणवायूची नळकांडी वगैरे काही नाही, फुप्फुसात मावेल तेवढा श्वास. ठाणे-मुंबईच्या कित्येक इमारतींच्या काँक्रीटमध्ये असे श्वास जिरले आहेत. मग सक्शन पंप आले. पंप एका दिवसात उपसतो ते डुबीवाला महिन्यात काढू शकत नाही. तळ खरवडला जातो, काठ ढासळतात. महसूल खात्याचं पथक बार्ज पकडतं, पंप कापून बुडवतं किंवा जाळतं, पेपरात फोटो येतो आणि काही आठवड्यांनी तसाच दुसरा फोटो.

ओवळे, कासारवडवली, वाघबीळ, मानपाडा ही नावं मी मोठ्याने वाचत पुढे गेलो, कारण बघण्यासारखं फक्त तेवढंच होतं. खाडी डावीकडे असणारच, पण मध्ये तीस-तीस मजले. कापूरबावडीला आल्यावर सरळ काशेळी गाठायची की ठाण्यात वळायचं, असा प्रश्न पडतो. वळावं. सायकलने थोडाच फेरा.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला होता आणि काम पुरं व्हायच्या आत, मार्च 1737 मध्ये, मराठ्यांनी तो घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तट बाहेरूनच बघायचा आणि तोही रेंगाळून नाही. 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना याच भिंतींच्या आत फाशी दिलं गेलं.

माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर या तटाशी मिळालं. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली, वसई आणि कल्याण मात्र मराठ्यांना परत मिळाले. म्हणजे पुढची पस्तीस वर्षं ही खाडी दोन राज्यांमधली सरहद्द होती : अलीकडे भाईंदर-घोडबंदर-ठाणे कंपनीचं, पलीकडे वसई-भिवंडी-कल्याण पेशव्यांचं. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या 1815 मधल्या पंढरपुरातल्या खुनाबद्दल इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना याच ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं होतं. सप्टेंबर 1816 मध्ये ते निसटले. एका मोतद्दाराने घोड्याला खरारा करता करता मराठी गाण्यातून बेत कळवला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही, असं सांगतात. निसटणं सोपं व्हायला अंतर हेही कारण होतं. खाडी ओलांडली की मुलुख पेशव्यांचा.

रेल्वेने उरलेलं काम केलं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी खाडीवर पूल होऊन कल्याणला पोचली. ज्या पाण्यावरून जायचं त्या पाण्यावर पूल आला की पाणी ही अडचण ठरते. बंदरं गेली, स्टेशनं आली. गावांनी तोंडं फिरवली.

काशेळीच्या पुलावर मात्र वेगळाच खेळ. हा जुना आग्रा रोड. शेजारून मुंबई महापालिकेच्या प्रचंड जलवाहिन्या खाडी ओलांडतात. मुंबईची तहान इथून नळातून जाते आणि खालचं पाणी कुणाच्या कामाचं नाही. पलीकडे काल्हेर, पूर्णा, राहनाळ : भिवंडीची गोदामं. तुम्ही मोबाइलवर बोट टेकवून मागवलेली वस्तू बहुधा इथल्याच एखाद्या पत्र्याखालून निघते. मेट्रो पाचचं काम, मातीचे ढीग, ट्रक वळवणारे पोरसवदा रखवालदार. यंत्रमागांचा खडखडाट भिवंडीत शिरता शिरता कानावर येतो. बंदर बुडालं तरी मालाची ने-आण इथून हलली नाही, ती होडीतून ट्रकमध्ये गेली एवढंच.

वाटेत अंजूरफाटा लागतो. अंजूर गाव इथून जवळच, नदीच्या बाजूला. वसईच्या मोहिमेमागे ज्यांची वर्षानुवर्षांची खटपट होती ते गंगाजी नाईक अंजूरकर इथले. पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचाची तक्रार घेऊन पुण्याच्या दरबारी खेटे घालणं, खाडीच्या पायवाटा, उतार, भरतीच्या वेळा सांगणं, माणसं जोडणं हे सगळं त्यांचं आणि त्यांच्या भावांचं. वसईला चिमाजी अप्पांचा पुतळा आहे आणि तो असायलाच हवा. पण भरती-ओहोटीचं गणित न कळता घाटावरची फौज या चिखलात काय करणार होती? वाटाड्यांचे पुतळे होत नाहीत. अंजूरफाट्यावर मला दिसले ते कंटेनर उभे करायच्या जागांचे फलक.

भिवंडी मागे टाकून कल्याणच्या रस्त्याला लागलं की टेमघर येतं. इथे मी सायकल थांबवली, कारण सकाळपासून मी ज्या पाण्याच्या विरुद्ध दिशेने चाललो होतो त्याचं एक ठाणं इथे आहे. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांना आणि मधल्या गावांना पाणी देणारं 'स्टेम' प्राधिकरण. नावातला इंग्रजी 'एस' शहाडचा आणि 'टेम' टेमघरचा. शहाडला उल्हासचं पाणी उपसायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि पुढे धाडायचं. भाईंदरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी असं येतं. म्हणजे मी ज्या पाण्याच्या काठाने उलटा चढत आलो, तेच पाणी बंद नळातून माझ्या घरी उतरतं, आणि वापरून झालं की खाडीत.

कोनगावानंतर पूल आणि पुलापलीकडे दुर्गाडी. कल्याणचा हा किल्ला लहान आहे आणि गर्दीत दबलेला, पण खाली बघायचं ते पाण्याकडे. ऑक्टोबर 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दोन वर्षांत इथे जहाजं बांधायला सुरुवात झाल्याची नोंद पोर्तुगीज कागदांत आहे. पोर्तुगीजांना घोर लागला तो यासाठी, की इथे बांधलेलं जहाज समुद्रात जाणार ते त्यांच्या दोन्ही काठांमधून : ठाणे, घोडबंदर आणि वसईच्या तोफांसमोरून. तरीही कल्याणातच सुरुवात केली, कारण लाकूड, कारागीर आणि भरतीचं पाणी तिन्ही इथे होतं. राजधानी डोंगरात आणि गोदी नदीत ठेवणाऱ्या माणसाला ही नदी कडेची वाटत नव्हती.

त्याआधीचं कल्याण तर परदेशी खलाशांनाही ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-पुस्तकात 'कल्लिएना' आहे. तिथे नोंद अशी की पूर्वी हे रीतसर बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेण्यात येई. व्यापारी नाकेबंदी म्हणजे काय, ते कल्याणने इतक्या आधी पाहिलं आहे. डॉ. आनंदीबाई जोशी 1865 मध्ये इथेच जन्मल्या. त्यांच्या नावाची पाटी शोधण्यापेक्षा मी भुकेला शरण गेलो आणि वडापाव खाल्ला.

शहाडला मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वरच्या अंगाला मोहन्याचा बंधारा, खाली भरतीचा शेवट. जिथे खारं संपतं तिथून वर पिण्याचं पाणी उचलायचं, हे साधं गणित. पावसाळ्यानंतर पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर धरतो; वरच्या शहरांचं सांडपाणी तिला पोसतं. नदीकाठी उभं राहून बघण्यासारखं ते दृश्य नाही, पण इथे मला एका गोष्टीचा विचार करायचा होता.

उन्हाळ्यात उल्हासला पाणी असतं ते निव्वळ पावसाचं नव्हे. 1922 मध्ये टाटांचं भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. मावळातल्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधून तिचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या या बाजूला खाली सोडलं, त्यावर वीज केली, आणि वीज करून उरलेलं पाणी उल्हासच्या खोऱ्यात उतरलं. आंध्रा मूळची पूर्वेला वाहणारी. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे भाईंदरच्या नळातल्या पाण्यात काही असं आहे जे सरळ वाहिलं असतं तर वारीच्या वाटेने वाळवंटाला लागलं असतं. पश्चिमेकडे वळवलेलं हे पाणी परत भीमेच्या खोऱ्यात द्या, अशी मागणी सोलापूरकडून होत आली आहे. भाईंदरमध्ये ती कुणी ऐकलेली नाही. आमच्याकडे पाणी पालिका देते, आणि आलं नाही तर नगरसेवक टँकर पाठवतात, इथेच आमचा भूगोल संपतो.

आता तर उल्हासही पुरेना म्हणून सूर्या आली आहे. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवरच्या धरणातून 403 दशलक्ष लिटर रोजची योजना : 185 वसई-विरारला, 218 मीरा-भाईंदरला. भाईंदरकडे येणाऱ्या जलवाहिनीला वाटेत आमचीच खाडी आडवी येते. घोडबंदरच्या बुरुजावरून सकाळी मला ही खाडी दिसली होती, तिच्या तळाखालून बोगदा काढून ही वाहिनी आणायची. सूर्येचं धरण मुळात डहाणू-पालघरच्या शेतीसाठी बांधलं होतं. तिथले आदिवासी शेतकरी आपलं सिंचनाचं पाणी शहरांना जाण्याविरुद्ध बरीच वर्षं भांडत आहेत, आणि त्या भांडणात वसई-विरारच्या बरोबरीने मीरा-भाईंदरचं नाव घेतलं जातं.